बांधावरचा वस्ताद

रोहिणी सरत येतात, नांगरट आणि मोगडणी आटोपून जमिनी पेरणीसाठी सिद्ध झालेल्या असतात, आणि मिरगाची वाट पाहण्यापलीकडे कुणब्याच्या हाती करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते, नेमक्या त्या रिकाम्या, तापलेल्या, धुळीने भरलेल्या दिवसांत आमच्या गेवराई तालुक्याच्या पश्चिम अंगाला, चकलांबा आणि त्याच्या पंचक्रोशीत, बांधाच्या भांडणांना ऊत येतो. दसऱ्यानंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेली बिऱ्हाडे कारखान्यांचे पट्टे पडल्यावर परत आलेली असतात. सहा महिने ज्या शेताचे तोंड पाहिले नाही त्या शेताच्या काठावर उभे राहून माणूस पाहतो, तो मागे राहिलेल्या भावाच्या नांगराने बांध हातभर आत सरकलेला असतो, किंवा निदान त्याला तो तसा सरकलेला भासतो. कापसाच्या एका तासाएवढीही ती जमीन नसते. तिच्यात पिकणारा माल बाजारात नेला तर वकिलाच्या पहिल्या तारखेचा खर्चही निघणार नाही. परंतु बांध ही केवळ मातीची रेघ नसून आज्याने ओढलेली, बापाने राखलेली अशी कुळाची मर्यादा आहे, अशी आपली ठाम समजूत असल्यामुळे तिच्यावर पडलेला नांगराचा फाळ थेट काळजावर पडल्यासारखा लागतो, आणि मग जिभेवरून सुरू झालेला बखेडा सदऱ्याच्या गळ्यापर्यंत, तिथून काठीपर्यंत आणि काठीवरून फौजदारीपर्यंत जाण्यास फार वेळ लागत नाही.

चकलांब्यास पोलीस ठाणे असल्यामुळे स्वतःच्या तंट्यांबरोबर आसपासच्या खेड्यांतल्या तंट्यांचेही दर्शन या गावाला घडते. फिर्याद देण्यास आलेला एक, त्याच्याआधी येऊन बसलेला दुसरा, दोघांच्या बरोबरची भाऊबंदकी, आणि बाहेर चहाच्या टपरीवर दोन्ही पक्षांकडून सारख्याच अधिकाराने बोलणारे त्रयस्थ, हे चित्र ज्याने पाहिले नसेल त्याला खेड्यातल्या न्यायाची कल्पना यावयाची नाही. कायद्याने या बाबतीत कसूर ठेवली आहे असेही नाही. शांततेचा भंग होण्याचा रंग दिसला, तर पूर्वी कलम १०७ अन्वये आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ अन्वये दोन्ही पक्षांकडून मुचलके लिहून घेता येतात. शेतात जाण्याची वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्याखाली तहसीलदारापुढे अर्ज करता येतो. वाटच नसेल, तर १९६६ च्या महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. आणि याउपर ज्याला आपल्या नातवंडांसाठी काही राखून ठेवावयाचे असेल त्याला दिवाणी दावा आहेच. ही सारी व्यवस्था मला आदरणीय वाटते. मात्र तिच्याकडे पाहताना एक गोष्ट डोळ्यांपुढून हलत नाही, ती अशी की, कायदा भांडणाच्या आधी येतो अथवा भांडणानंतर येतो. मुचलका आधीचा, पंचनामा नंतरचा. हात उगारला गेला आहे आणि तो अद्याप खाली आलेला नाही, असा जो एका श्वासाचा अवधी असतो, त्या अवधीवर कोणत्याही सरकारचा अंमल चालत नाही. तो अवधी जे कोणी जवळ उभे असेल त्याचा असतो.

त्या अवधीत काय करावे हे शिकवणारी एक शाळा आमच्या खेड्यांतून होती, आणि तिचे नाव तालीम.

तालमीचा आणि अहिंसेचा संबंध जोडलेला पाहून कोणी हसेल, तर त्याला मी दोष देणार नाही. शड्डू ठोकणे, आखाड्यात उतरणे, चीतपट करणे हे आपल्या भाषेतले सारे वाक्प्रचार वैराच्या प्रसंगी वापरले जातात, आणि मारुतीच्या देवळाला लागून असलेल्या त्या काळोख्या, तेलाचा व घामाचा वास कोंदलेल्या खोलीत शांततेचे शिक्षण मिळत असेल असे बाहेरून जाणाऱ्याला वाटण्याचे काही कारण नाही. आमचा जिल्हा पैलवानांच्या बाबतीत दरिद्री नाही. पाटोद्याच्या राहुल आवारे याने २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक आणि पुढल्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक मिळवले, ही वार्ता ज्या गावांतून हलगीच्या तालावर साजरी झाली त्याच गावांतून जत्रेच्या हगाम्यात रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्यांपासून मानाच्या शेवटच्या कुस्तीपर्यंत सारे गाव उन्हात डोक्यावर उपरणे टाकून बसते. पण हगाम्यातली कुस्ती हे तालमीचे फळ आहे. तालमीचे शिक्षण निराळे, आणि ते पाहावयाचे तर पहाटे जावे लागते.

चकलांब्याच्या शिवारात ज्या वस्तादांना मी पाहिले, त्यांचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. त्यांना स्वतःलाही ते आवडले नसते, आणि गावाने त्यांना वस्ताद याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारल्याचे मला स्मरत नाही. नवीन आलेल्या पोराला ते डाव शिकवीत नसत. त्याच्या हातात फावडे देत आणि हौद्यातली माती उकरावयास लावीत; तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली ती माती रोज उकरून, खेळून झाल्यावर पुन्हा सारखी करून ठेवणे हाच त्याचा प्रथमचा अभ्यासक्रम. त्यानंतर जोर, बैठका, सपाट्या. त्यानंतर कुठे जोडीदार. आणि जोडीदार मिळाला तरी आरंभ खडाखडीने. समोरच्याच्या मनगटाला, मानेला, खांद्याला हात लावून, त्याच्या अंगातला जोर कोणत्या बाजूस वाहतो आहे, त्याचे वजन कोणत्या पायावर आहे, त्याचा श्वास वर अडकला आहे की पोटातून येतो आहे, याचा अंदाज घेण्याचा हा व्यवहार अडाणी प्रेक्षकाला कंटाळवाणा वाटतो आणि तो ‘लागू द्या, लागू द्या’ म्हणून ओरडू लागतो. जाणत्याला मात्र कुस्तीचा निकाल बहुधा तिथेच दिसून चुकतो. ज्याचा जोर आपल्याहून अधिक त्याच्या जोराला आडवे जाऊ नये, तो रेटतो त्या दिशेला आपण थोडे सरावे, म्हणजे त्याचे वजन त्याच्याच पायांच्या पुढे निघते, हे तत्त्व वस्ताद एका वाक्यातही कधी बोलून दाखवीत नसत. पण पोरांच्या पाठीवर त्यांचा हात पडला की ते पोरांच्या हाडांना कळत असे. धोबीपछाड काय किंवा ढाक काय, या डावांत उचलणाऱ्याच्या बळाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, उचलल्या जाणाऱ्याचे उतावीळपण उपयोगी पडते.

दुसरी एक गोष्ट मला या विद्येत फार मोलाची वाटते. मातीतल्या कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की कुस्ती संपते. त्यानंतर त्याला बोटही लावावयाचे नसते. तो उठतो, अंगावरची माती झटकतो, दोघे हात मिळवतात, आणि पाच मिनिटांपूर्वी ज्याची मान आवळली होती त्याच्याच बरोबर पाण्याच्या हंड्यापाशी जाऊन उभे राहतात. विजयाला अशी निश्चित सीमा आखून देणारी दुसरी संस्था आपल्या समाजात मला आढळत नाही. बांधावरच्या भांडणात नेमकी हीच सीमा नसते. तिथे कोणाची पाठ कधी लागतच नाही. तालुक्याला हरलेला जिल्ह्याला जातो, जिल्ह्याला हरलेला संभाजीनगरच्या खंडपीठाकडे धाव घेतो, आणि तिथेही हरला तर मरताना पोराच्या कानात दाव्याचा नंबर सांगून जातो. निकाली होत नाही आणि बरोबरीतही सुटत नाही अशी ही कुस्ती चालू असता खेळणारे म्हातारे होतात, पण पंच कोणी शिट्टी वाजवीत नाही.

वस्तादांनी बांधावर काय केले ते मी पाहिले आहे, म्हणून ते जसे घडले तसे सांगतो. दोन चुलतभाऊ, एकाची चाळिशी उलटलेली, दुसरा त्याच्याहून पुष्कळ धाकटा आणि त्याच वर्षी तोडीवरून उचल फेडून, अंगावर काही न उरता परत आलेला. दोघांच्या शेतांमध्ये त्यांच्या आज्याने रोवलेला एक काळा दगड होता. तो सरकारी मोजणीचा नव्हता, पण तीन पिढ्या त्याला मोजणीच्या खुणेचा मान होता. तो दगड मागच्या हंगामात हलवला गेला आहे असा धाकट्याचा आरोप होता, आणि तो उपटून फेकून देण्यासाठी तो पहार घेऊन बांधावर आला होता. थोरला काठी घेऊन पलीकडे उभा. दोन्ही बाजूंना माणसे जमलेली, आणि ती सारी सज्जन माणसे, सज्जनांचा अशा प्रसंगी जो उद्योग असतो तो करीत होती. म्हणजे दोघांना दोन बाजूंनी धरून मागे ओढीत होती. धरलेला माणूस अधिक जोराने पुढे येतो हे ज्याने कधी बैल आवरला आहे त्यालाही ठाऊक असावयास पाहिजे. पण माणसांच्या बाबतीत आपल्याला ते आठवत नाही. हात सुटला, आणि पहार उचलली गेली.

वस्ताद मध्ये उभे राहिले नाहीत. मला आजही प्रथम आठवते ते हेच. दोघांच्या मधोमध, हात पसरून, उपदेश करीत उभे राहण्याची जी जागा नाटकात मोठ्या माणसासाठी राखून ठेवलेली असते ती त्यांनी सोडून दिली आणि ते धाकट्याच्या अंगाला, त्याच्या उजव्या खांद्यामागून, तो जिकडे तोंड करून उभा होता तिकडेच तोंड करून येऊन उभे राहिले. त्याच्या पहारीवर त्यांनी आपला एक हात ठेवला. ओढला नाही, नुसता ठेवला. आणि म्हणाले, “दगुड काढायचाय नव्हं? मंग काढू की. मी बी लावतो हात. पर आरं, आसा कसा निघंल त्यो? बुडातून उकरावा लागंल.”

पोराला काय बोलावे ते सुचेना. ज्याला तो विरोध समजून बसला होता त्याने त्याचीच बाजू धरली होती. त्याने पहार खाली टेकवली. टेकवली ती दगडाच्या बुडाशी. वस्तादांनी उपरणे काढून बाजूस ठेवले आणि वयाची साठी केव्हाच ओलांडलेला तो माणूस खरोखरच त्याच्याबरोबर दगड उकरू लागला. वैशाखाचे ऊन, काळी भेगाळलेली जमीन, आणि तीन पिढ्या मातीत रुतून बसलेला दगड. थोरल्याने पलीकडून शिव्या दिल्या. त्याला कोणी उत्तर दिले नाही, आणि उत्तर न मिळालेल्या शिव्या पाच-सात झाल्यावर आपोआप मंदावतात. मधून मधून वस्ताद थांबत, कपाळ पुसत, आणि ‘दम घे जरा’ म्हणत. दगड मोकळा होईपर्यंत पोराच्या अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या आणि त्याचे हात थरथरत होते. आता ते कष्टाने थरथरत होते. तेव्हा वस्तादांनी बांधावर बसकण मारली, पाणी मागितले, आधी थोरल्याला दिले, आणि दोघांनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “निघाला बाबा तुमच्या आज्याचा दगुड. आता ह्यो ठिवायचा कुठं, ते तुमी दोघं सांगा. मला काय ठावं न्हाई.”

तो दगड त्या दिवशी कुठेच ठेवला गेला नाही. तो बांधावर आडवा पडून राहिला, दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज केला, भूमी अभिलेखचा माणूस येऊन खुणा घालून गेला, आणि त्यात थोरल्याचे म्हणणे खरे ठरले की धाकट्याचे, हे सांगण्यात आता अर्थ नाही. कायद्याच्या काटेकोर दृष्टीने पाहिले तर हद्दीची खूण उकरण्यास मदत करणारे वस्ताद सर्वस्वी निर्दोष नव्हते, हेही मी नमूद करून ठेवतो; कोणी अंमलदार त्या वेळी हजर असता तर त्याने त्यांनाही खडसावले असते, आणि ते योग्यही झाले असते.

जे त्यांनी केले ते जपानात काही माणसांनी शास्त्र म्हणून मांडून ठेवले आहे. जिगोरो कानो या शिक्षणतज्ज्ञाने १८८२ साली टोकियोत कोडोकान नावाची शाळा काढून जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे प्रकार सरावातून वगळले, सुरक्षितपणे जोडीदाराबरोबर खेळता येतील ते ठेवले, आणि त्या विद्येला ज्यूदो हे नाव दिले. मृदूने कठोरावर ताबा मिळवावा, आपली शक्ती कमीत कमी खर्चून अधिकाधिक उपयोगास आणावी, आणि आपण व समोरचा या दोघांचेही हित साधावे, या तीन सूत्रांवर त्यांनी ती उभी केली. शेवटचे सूत्र मला विशेष वाटते, कारण मल्लविद्येच्या ग्रंथात समोरच्याच्या हिताची चिंता करणारा माणूस विरळा. पुढे मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी आयकिदो या आपल्या पद्धतीत तो विचार आणखी टोकाला नेला आणि हल्ला करणाऱ्यालाही इजा होऊ न देता त्याचा हल्ला वळवून निष्फळ करावा असे शिकवले. रवींद्रनाथांनी १९२९ साली शिंझो ताकागाकी या ज्यूदोच्या शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावून घेतले, त्यामागे काय विचार असेल ते त्या कवीलाच ठाऊक; पण एवढ्या कोमल वृत्तीच्या माणसाला आपल्या मुलामुलींच्या अंगी ती विद्या असावी असे वाटले, हे विसरण्यासारखे नाही. आमच्या वस्तादांनी कानोंचे नाव ऐकले नव्हते. त्यांच्याकडे सूत्रे नव्हती आणि ग्रंथही नव्हता. त्यामुळे जे होते ते त्यांच्याबरोबर गेले. कानो शिक्षक होते, म्हणून त्यांनी लिहून ठेवले. आमच्याकडे वस्ताद शेवटचा एक डाव राखून ठेवतो असे कौतुकाने सांगतात, आणि त्या कौतुकात आपला केवढा तोटा झाला याचा हिशेब कोणी मांडत नाही.

ग्रंथ नसला तरी कथा आहे, आणि ती याच गोदेच्या काठची आहे. चकलांब्याच्या वरच्या अंगाला, नदीच्या पलीकडल्या काठावर पैठण. एकनाथ महाराज गोदावरीत स्नान करून परत येत असता वाटेवर बसलेला एक मनुष्य त्यांच्या अंगावर थुंकला. नाथ काही न बोलता पुन्हा नदीवर गेले, स्नान करून आले, तो पुन्हा थुंकला. असे १०८ वेळा घडले आणि शेवटी तोच मनुष्य थकून पाया पडला, तेव्हा तुझ्यामुळे आज इतक्यांदा गंगास्नान घडले असे म्हणून नाथांनी त्याचे आभार मानले, ही आख्यायिका महाराष्ट्रातल्या प्रत्येक लहान मुलाने ऐकलेली असते. ती सांगितली जाते ती सहनशीलतेचे उदाहरण म्हणून, आणि मला लहानपणी ती ऐकताना नाथांचा थोडा रागच येत असे. परंतु याच नाथांची दुसरी एक आख्यायिका आहे, ती कीर्तनकार निराळ्या दिवशी सांगतात, त्यामुळे दोन्ही एकत्र ठेवून पाहण्याचा प्रसंग येत नाही. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार होते. एकदा स्वामी समाधीत असताना किल्ल्यावर परचक्र आले. गुरूंची समाधी मोडू नये म्हणून तरुण एकनाथाने स्वामींचेच चिलखत अंगावर चढवले, त्यांचे शस्त्र घेतले, लढून शत्रूला परतवले, आणि येऊन चिलखत होते तसे जागेवर ठेवून कोणाजवळ शब्दही न काढता पुन्हा सेवेस लागला.

इतिहासाच्या कसोटीवर या कथा किती उतरतात हा प्रश्न येथे गौण आहे. ज्या लोकांनी त्या शेकडो वर्षे सांगितल्या त्यांनी एकाच पुरुषाच्या ठायी त्या सांगितल्या, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे. थुंकी झेलणारा तो मनुष्य देवगिरीच्या तटावर तलवार चालवून आलेला होता. हात उचलणे त्याला येत नव्हते असे नाही. म्हणून हात न उचलण्याला काही किंमत आली. आणि त्याने केले काय, तेही वस्तादाच्या डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. त्याने प्रतिस्पर्ध्याच्या नजरेला नजर भिडवली नाही, त्याला आडवा गेला नाही, त्याला उपदेशही केला नाही. नदी जवळ होती, पाय स्वतःचे होते, आणि दम पुष्कळ होता. कोण अधिक जोराने मारतो ही स्पर्धा त्याने, कोणाचा दम आधी संपतो, या स्पर्धेत बदलून टाकली, आणि ही दुसरी स्पर्धा थुंकणारा कधीच जिंकू शकत नव्हता. शिवाय त्याचा प्रत्येक प्रहार नाथांच्या पुण्याच्या खात्यावर जमा होत गेला. समोरच्याच्या बळाने आपले काम साधण्याचा याहून शुद्ध डाव मला कोणत्याही आखाड्यात दिसलेला नाही.

आता दुसरी बाजू. तालमीत गेलेला प्रत्येक जण असा होतो असे मी म्हणू लागलो तर आमच्याच तालुक्यातले लोक मला वेड्यात काढतील. निवडणुकीच्या दिवसांत तालमीतल्या पोरांना कोण, कशासाठी, किती वाजता बोलावतो हे ज्याला माहीत नाही असा मतदार या जिल्ह्यात नसेल. जोर अंगात आला आणि हौद्याची शिस्त अंगात आली नाही, तर तो माणूस निव्वळ भाड्याचा दंड होतो. त्यातही आता तालमी ओस पडून त्यांच्या जागी आरशांच्या व्यायामशाळा निघाल्या आहेत, आणि तिथे शरीर उत्तम घडते हे मला मान्य आहे. पण तिथे जोडीदार नसतो. लोखंड उचलणाऱ्याला लोखंडाचे वजन कळते, समोरच्या माणसाचे कळत नाही. दुसऱ्याच्या मनगटाला हात लावून त्याच्या रागाचा अंदाज घेणे, आपल्याहून दुबळ्या पोराबरोबर खेळताना हात आखडता घेणे, आणि पाठ लागल्यावर हसत उठणे, या तीन गोष्टी आरशासमोर शिकता येत नाहीत.

याहून गंभीर मर्यादा आणखी एक आहे, आणि तिचा उल्लेख टाळून या जिल्ह्याबद्दल लिहिणे अप्रामाणिक होईल. केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख गावाजवळच्या पवनचक्की प्रकल्पावर झालेल्या मारहाणीत मध्ये पडले, आणि ९ डिसेंबर २०२४ रोजी त्यांचे अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या करण्यात आली. भांडण सोडवण्यास जाणे हे खेड्यातल्या कारभाऱ्याचे कर्तव्य. ते करणाऱ्याच्या वाट्याला हे आले. बांधावरचे भांडण रागातून निघते आणि रागाला दम असतो, तो संपतो. त्या दमाचा हिशेब करणारी विद्या वस्तादांची. जिथे हिंसा थंड डोक्याने, फायद्यासाठी आणि पाठीराख्यांच्या भरवशावर केली जाते, तिथे खांद्यामागून येऊन पहारीवर हात ठेवण्याने काही होत नाही. तिथे फौजदारी कायदा, निर्भय पोलीस आणि शिक्षा देणारे न्यायालय याखेरीज दुसरा उपाय नाही, आणि त्या कामी मल्लविद्येचे गोडवे गाणे म्हणजे मेलेल्याची थट्टा करणे होय.

म्हणून मी मागतो ते थोडके आहे. भांडणांच्या ज्या प्रचंड बहुसंख्येत कोणालाही कोणाला मारावयाचे नसते, पण मागे फिरण्यास वाट उरलेली नसते, तेवढ्यांपुरते. शासनाने हे ओळखले नव्हते असे नाही. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राज्यभर सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या, दिवाणी, महसुली आणि फौजदारी तंट्यांची नोंद झाली, समझोते झाले, बक्षिसे वाटली गेली. पाटलांची ती कल्पना उदात्त होती आणि आरंभी तिने पुष्कळ काम केले. पुढे अनेक गावांतून समिती ही ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत ज्याला तिकीट देता आले नाही त्याची सोय लावण्याची जागा झाली, आणि तंट्यांचे रजिस्टर तेवढे नीटनेटके राहिले. समझोत्याचा मसुदा लिहिणारे लोक तिच्यात असतात. पहार वर गेलेली असताना धावून जाणारा नसतो.

कुस्तीगिराने तंटा सोडवण्याच्या कामी यावे ही कल्पनाही नवी नाही. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक कांस्यपदक मिळवून आणणारे खाशाबा जाधव १९५५ मध्ये फौजदार म्हणून पोलिसांत रुजू झाले आणि सबंध नोकरी त्याच खात्यात केली. आमचा राहुल आवारेही पुढे पोलीस उपअधीक्षक झाला. पण प्रत्येक गावाला ऑलिंपिकवीर मिळणार नाही, आणि त्याची गरजही नाही. बहुतेक गावांत एखादा म्हातारा असतोच, ज्याचे कान कुस्तीने चुरगळलेले आहेत, ज्याने आयुष्यात शंभर जणांची पाठ लावली आहे आणि ज्याची पाठ तितक्यांनीच लावली आहे, आणि जो आता पारावर बसून कोणी विचारील याची वाट पाहतो आहे. चकलांब्याच्या आणि पंचक्रोशीतल्या ग्रामसभांना माझी विनंती आहे की, तंटामुक्त समितीची नावे पुढल्या वेळी लिहिताना त्या यादीत या म्हाताऱ्यासाठी एक जागा ठेवावी, आणि समितीला मिळणाऱ्या पैशांतून, निदान एका वर्षाच्या, गावच्या तालमीचा हौदा पुन्हा मातीने भरून द्यावा.